माणदेशी बोकड आणि सुनेचं हिमोग्लोबिन

सप्रेम नमस्कार,

आम्ही मूळचे माण तालुक्यातले, गेली बरीच वर्षं पुण्यात आहोत. सुनेला पाचवा महिना सरत आलाय आणि परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, पण त्यांनी पोट साफ होत नाही म्हणून ती दोन दिवस घेते, चार दिवस सोडते. माझं म्हणणं, गोळ्यांपेक्षा गावाकडचं मटण द्यावं. माझा धाकटा भाऊ गावी शेळ्या-मेंढ्या पाळतो. माळावर चरलेलं जनावर, त्याच्या अंगात सगळे क्षार असणारच! शेजारच्या वहिनी मालवणकडच्या. त्या म्हणतात, लोह हवं तर कोकणातलं बोकड आणा, तिथली मातीच लाल. मुलगा म्हणतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा, सगळं सारखंच. सुनेला चिकन आवडतं. खरं कोणाचं? शेळीचं चांगलं की मेंढीचं? कलेजी द्यावी का? आणि भाऊ विचारतोय, जनावरांना क्षारांची वीट चाटायला ठेवली तर मटणात फरक पडेल का?

— एक सासूबाई, पुणे

ताई,

तुमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत, आणि लोहापुरतं बोलायचं तर मुलाचं म्हणणं सत्याच्या सगळ्यांत जवळ आहे. पण मटणाचं बोलण्याआधी गोळ्यांचं बोलू, कारण पत्रातली सगळ्यांत काळजीची ओळ तीच आहे.

गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं की पंडुरोग (रक्तक्षय, ॲनिमिया) धरतात. ७ ते ९.९ हा मध्यम पंडुरोग, म्हणजे सूनबाई त्यात बसतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात तिच्या रक्तात रोज साधारण चार ते पाच मिलिग्रॅम लोह शोषलं जायला हवं. हा आकडा पोटात गेलेल्या लोहाचा नाही, अंगी लागलेल्या लोहाचा आहे. आता मटणाचा हिशेब मांडा. आठवड्यातून दोनदा सव्वाशे-सव्वाशे ग्रॅम मटण खाल्लं, म्हणजे अडीचशे ग्रॅम झालं. त्यात लोह पाच मिलिग्रॅमच्या आसपास. मांसातलं लोह आपल्या आतड्याला भाजीतल्या लोहापेक्षा बरंच सोपं जातं, म्हणून सढळ हातानं पाव भाग शोषला जातो असं धरू. हाती आलं सव्वा मिलिग्रॅम. आठवड्याची गरज तीस मिलिग्रॅमच्या पुढे, आणि मटणातून आलं सव्वा! माणदेशी बोकडात दुकानातल्यापेक्षा वीस टक्के लोह जास्त आहे असं तुमच्या समाधानासाठी मानलं, तरी या सव्वाचे दीड होतील. त्यासाठी गावाहून बर्फात घालून मटण आणवायचं का, हे तुम्हीच ठरवा.

सरकारी कार्यक्रमातल्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. त्यातलं दहा टक्केच शोषलं गेलं तरी एका दिवसात सहा मिलिग्रॅम होतात. मटण तिला जरूर द्या. मांसाबरोबर खाल्लेल्या भाकरी-भाजीतलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं, हा त्याचा मोठाच उपयोग. पण गोळीच्या जागी मटण, हे गणितात बसत नाही.

पोट साफ होत नाही ही तक्रार खरी असते, बाईनं उगाच केलेली नसते. म्हणून गोळी आपल्या मनानं सोडण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. गोळी बदलून मिळते, मात्रा किंवा वेळ बदलता येते. रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बऱ्याच जणींना मानवते. दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. मध्ये दोन तास तरी जाऊ द्यावेत. शौचाला काळं होणं हे गोळीमुळेच, घाबरायचं कारण नाही. आणि जेवण झाल्या झाल्या कपभर चहाची जी आपली सवय आहे, ती निदान मटणाच्या दिवशी तरी मोडा. चहा लोह धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. माती, चारा, जनावर आणि मांस यांचं नातं आहे का? आहे, चांगलं घट्ट आहे. फक्त ते लोहाच्या बाबतीत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच.

गवतात, पाल्यात लोह बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्तच असतं. एक किलो सुक्या चाऱ्यामागे चाळीस-पन्नास मिलिग्रॅम लोह शेळी-मेंढीला पुरतं, चाऱ्यात ते शंभर-दोनशे सहज निघतं. त्यात मेंढी चरते ओठ जमिनीला टेकवून. उन्हाळ्यात गवत बोटभरही उरत नाही तेव्हा घासागणिक माती पोटात जाते, आणि त्या मातीनं तिचे दातही झिजतात. म्हणजे लोहाला तोटा नाही. पण जनावराचं आतडं हवं तेवढंच घेतं, बाकीचं लेंडीवाटे बाहेर पडतं. वहिनींच्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर आहे, यात वाद नाही. तिचा लाल रंग लोहाचाच. पण ते बोकडाच्या मांडीत जाऊन बसत नाही. उलट चाऱ्या-मातीतून लोह फारच जास्त गेलं तर जनावराला तांबं शोषता येत नाही आणि तांब्याची कमतरता होते. वहिनींना हे हळूच सांगा, एकदम नको.

मग मांसातलं लोह ठरतं कशावर? स्नायूला लाल रंग देणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, मांसातल्या लोहाचा मोठा वाटा त्यात असतो. ते किती असावं हे ठरतं जनावराच्या जातीवर, वयावर आणि त्या स्नायूला पडणाऱ्या कामावर. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात शेळी-मेंढीचं लोह दीड ते तीन मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं, म्हशी-रेड्याचं मांसही याच पंगतीत बसतं. डुकराचं एकच्या आसपास. कोंबडीचं त्याहून कमी, आणि छातीचा पांढरा भाग तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास घुटमळतो. जस्ताचंही तसंच: मटणात तीन-चार मिलिग्रॅम, कोंबडीच्या छातीत एकसुद्धा नाही. सूनबाईंना चिकनच हवं असेल तर लेगपीस द्या, तिथे दोन्ही थोडी जास्त.

शेळी की मेंढी, यात लोहापुरता निवाडा करण्याइतका फरक नाही. मेंढीत चरबी जास्त, शेळीत कमी. पाचव्या महिन्यात जळजळ होत असेल तर शेळीचं बरं, एवढंच.

वयाचा फरक मात्र डोळ्यांना दिसतो. दुकानात टांगलेली दोन धडं शेजारी शेजारी बघा. चार-पाच महिन्यांच्या करडाचं मांस फिकट गुलाबी, चरबी पांढरी, हाडं बारीक. दोन वर्षांच्या बोकडाचं गडद लाल, धागा जाड, शिजायला कुकरच्या शिट्ट्या जास्त. लोह या दुसऱ्यात जास्त. आपण मात्र गिऱ्हाईक म्हणून काय मागतो? ‘कोवळं द्या.’ शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण काय उगाच नाही आली. लोह हवं असेल तर थोडं वातड चालवून घ्या, मांडी-खांद्याचा गडद भाग मागा आणि निवांत शिजवा.

माळावर फिरलेल्या जनावराचं मांस गोठ्यात बांधून वाढवलेल्यापेक्षा थोडं गडद असू शकतं, कारण पायांना काम असतं. चवीत फरक पडतो, चरबीच्या प्रकारातही पडतो. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला खाऊन वाढलेल्या उस्मानाबादी बोकडाची चव कोणाला आवडत असेल तर त्यानं चवीचे पैसे जरूर द्यावेत. मीही देईन. औषधाचे म्हणून देऊ नयेत.

आणि ‘अमुक भागातलं मटण’ म्हणजे तरी काय? फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा वर येतात. तीच मेंढी निम्मं वर्ष काळ्या मातीवर, निम्मं जांभ्यावर. तिचं मटण कुठलं म्हणायचं? शहरातल्या दुकानात तर राजस्थान, मध्य प्रदेशातून आलेलं जनावरही असतं. खाटकाला विचारलंत तर तो तुमचा चेहरा बघून गाव सांगेल.

आता मातीचा हात जिथे खरंच मांसापर्यंत पोचतो, ते सांगतो, कारण ती गोष्ट तुमच्या प्रश्नाशी विलक्षण जुळते.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या जमिनीवर, वसाहतकऱ्यांनी जंगल तोडून कुरणं केली. गवत हिरवंगार, गुडघाभर. आणि त्या गवतात उभ्या गाई-मेंढ्या खंगून मरायच्या. रक्त कमी, हिरड्या पांढऱ्या, चारा तोंडासमोर असून खायची वासना नाही. याला तिकडे ‘बुश सिकनेस’ म्हणत. लक्षणं पंडुरोगाची, म्हणून सरकारी रसायनशास्त्रज्ञ बर्नार्ड ॲस्टन यांनी निदान केलं: लोह कमी आहे. जनावरांना लिमोनाइट नावाचं लोहखनिज चारलं, आणि जनावरं सुधारली! झालं, लोहाचा सिद्धांत पक्का झाला. कुरकुर एकच होती. एका खाणीतल्या लिमोनाइटनं गुण यायचा, दुसऱ्या खाणीतल्यानं नाही. लोह तर दोन्हींत. असाच रोग ऑस्ट्रेलियातही होता. १९३५ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि फिल्मर यांनी लिमोनाइटमधून लोह काढून टाकलं आणि उरलेला अर्क मेंढ्यांना दिला. मेंढ्या तरीही बऱ्या झाल्या. गुण होता त्या खनिजात चिमूटभर मिसळलेल्या कोबाल्टचा. त्याच सुमाराला दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन आणि लाइन्स हेही कोबाल्टपर्यंतच येऊन पोचले होते.

कोबाल्ट का लागतं, हे कळायला १९४८ उजाडावं लागलं. त्या वर्षी जीवनसत्त्व ब-१२ वेगळं काढलं गेलं आणि त्याच्या पोटात कोबाल्टचा अणू सापडला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातलं कोबाल्ट घेऊन ब-१२ तयार करतात. ते जनावराच्या अंगात जातं आणि मांस, कलेजी, दूध यांतून आपल्याकडे येतं. जमिनीत कोबाल्ट नसेल तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. मटणातून मातीची म्हणून जी देणगी मिळते ती ही, आणि रक्तासाठी तीही लागतेच. सूनबाईंचं ब-१२ तपासलंय का? लोह भरून काढलं आणि ब-१२ कमीच राहिलं तर हिमोग्लोबिन जागचं हलत नाही.

दुसरं खनिज सेलेनियम. हे तर मातीच्या मर्जीवरच चालतं. फिनलंडच्या जमिनीत ते इतकं कमी होतं, की १९८४ पासून तिथे रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात झाली. पिकांत, दुधात, मांसात सगळीकडे त्याचं प्रमाण वाढलं. न्यूझीलंडमध्ये सेलेनियम कमी पडून कोकरांचे स्नायू पांढुरके पडत आणि ती उभी राहू शकत नसत. याच्या नेमकं उलट आपल्याकडे पंजाबात. होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही गावांच्या जमिनीत सेलेनियम इतकं जास्त आहे की तिथल्या जनावरांचे केस झडतात, खुरं वाढतात, तडकतात. २०२४ च्या अखेरीस बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांना काही दिवसांत टक्कल पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखवलं ते रेशनवरच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. म्हणजे ‘कुठल्या जमिनीतलं’ हा तुमचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. फक्त तो लोहाला न विचारता सेलेनियमला, कोबाल्टला, आयोडीनला विचारायचा.

फॉस्फरस, कॅल्शियमचा प्रकार आणखी निराळा. उन्हाळ्यात गवत वाळलं की त्यातला फॉस्फरस उतरतो. जनावर मग आपल्या हाडांतून काढून स्नायू चालवतं. हाडं आणि यकृत या त्याच्या कणग्या आहेत. कणगी रिकामी होत जाते, पण मांसातलं प्रमाण फारसं हलत नाही. दक्षिण आफ्रिकेत अशा फॉस्फरस नसलेल्या कुरणांवर गाई मेलेल्या जनावरांची हाडं चघळायच्या आणि त्या सडक्या हाडांतलं विष भिनून लुळ्या पडून मरायच्या. आर्नोल्ड थायलर यांनी १९२० च्या आसपास हा उलगडा केला. तुमच्या भावाची शेळी भिंत चाटत असेल, माती-चिंध्या खात असेल, तर रोग लहान असला तरी जात तीच.

ओघात आलंच म्हणून: पायाच्या सुपातून कॅल्शियम मिळतं ही समजूत सोडा. उकळल्यानं हाडातलं कॅल्शियम फारसं पाण्यात उतरत नाही. सूप गरम गरम बरं वाटतं, म्हणून प्यावं. कॅल्शियमसाठी दूध आणि नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच मटणात दहा-पंधरा.

आता कलेजी. लोह भरपूर, शंभर ग्रॅमला सहा-सात मिलिग्रॅम. ब-१२ तर ओसंडून. तरी गरोदर बाईला मी ती देणार नाही. कारण जीवनसत्त्व अ. मेंढीच्या शंभर ग्रॅम कलेजीत ते सात हजार मायक्रोग्रॅमच्या घरात असतं आणि दिवसाची सुरक्षित मर्यादा आहे तीन हजार. जास्त झालेलं अ जीवनसत्त्व गर्भाला अपाय करू शकतं, विशेषतः पहिल्या महिन्यांत. ब्रिटनमध्ये तर गरोदर बायकांना कलेजी खाऊच नका असं सांगतात. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना, अधूनमधून चार तुकडे खाल्ले तर हरकत नाही.

तुमच्या आईच्या पिढीतल्या बायका रक्त वाढायला बोकडाची पांथरी (प्लीहा) द्यायच्या, आठवतंय का? तो सल्ला कलेजीपेक्षा सरस होता. मेंढीच्या पांथरीत शंभर ग्रॅमला चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं आणि अ जीवनसत्त्वाची ती भीती नाही. एका बोकडाची पांथरी मूठभरही भरत नाही, खाटीक ती बरेचदा वजडीत टाकून देतो; सांगून ठेवली तर काढून ठेवील. पण जुनी रीत निखाऱ्यावर भाजायची होती, तीत आतून कच्चं राहतं. शेळी-मेंढीच्या मांसात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. म्हणून पांथरी असो, रक्ती असो की साधं मटण, आत गुलाबीपणा उरणार नाही इतकं शिजवा. कच्चं मटण चिरलेल्या विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. आणि पांथरी सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळ्या नेमानं महिनाभर घेऊनही आकडा एकानं तरी वर सरकला नाही, तर मटणाचं गाव बदलू नका, तपासण्या करा: ब-१२, थॅलेसेमियाचा वाहकपणा, घराणं विदर्भ-खानदेशातलं असेल तर सिकलसेल (हे दोन्ही आनुवंशिक रक्तदोष). जंताची गोळी गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीत देतात; ती दिली गेलीय का, तेही विचारा.

राहिली भावाची वीट. जरूर ठेवा म्हणावं. शेळ्या वेळेवर माजावर येतील, करडं तरतरीत होतील, भिंती चाटणं थांबेल. कोबाल्ट-सेलेनियमची तूट असेल तर मांस-कलेजीतही थोडा फरक पडेल, लोहात पडणार नाही. पण त्याच्याकडे मेंढ्याही आहेत ना? मग त्याला एक गोष्ट आजच फोन करून सांगा. गाई-म्हशींसाठी मिळणारं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालायचं नाही. त्यात तांबं जास्त असतं, मेंढीला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन धडधाकट मेंढी दोन-तीन दिवसांत मरते. शेळीला तांबं बरंच सोसतं, मेंढीला नाही. दोघींना एकत्र चारत असेल तर मेंढ्यांसाठीची म्हणून जी वीट मिळते तीच टांगावी, आणि ती घेताना वेष्टनावर तांब्याचा आकडा वाचून, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवून मगच घ्यावी.